नोव्हेंबरचं हरीण ऑगस्टमध्ये शोधायचं, मीकरचे चार दिवस

जायच्या आधी

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ईमेल आला आणि मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभं राहून तो तीनदा वाचला. टॅग, म्हणजे एक हरीण मारायचा परवाना, लागला होता. म्यूल डिअर, नर, रायफल, तिसरा सीझन, ९ ते १५ नोव्हेंबर २०२४.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात म्यूल डिअरचं लायसन्स सहसा दुकानात जाऊन मिळत नाही, बहुतेक सगळं ड्रॉ म्हणजे सोडतीवर चालतं. राज्याचे छोटे छोटे भाग पाडलेत, त्यांना युनिट म्हणतात, प्रत्येक युनिटला प्रत्येक सीझनचे टॅग ठरलेले, आणि एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत अर्ज टाकायचा. पहिली पसंती लागली नाही तर एक प्रेफरन्स पॉइंट जमा होतो आणि पुढच्या वर्षी जास्त पॉइंटवाल्याचा नंबर आधी. माझे तीन साठले होते, ते या टॅगमध्ये गेले, आता पुन्हा शून्यापासून. म्हणून ही संधी मला वाया घालवायची नव्हती, आणि हरणं कुठे सापडतील ते ऑगस्टमध्येच जाऊन बघून यायचं ठरवलं.

आमचं युनिट मीकर गावाजवळचं आहे, नंबर सांगत नाही, कारण तिथली माहिती मला जुन्या माणसाने विश्वासाने दिलीय. हे म्हणजे आमचे लॉन्गमाँटचे शेजारी, वय सत्त्याहत्तर, मी मनातल्या मनात त्यांना आबा म्हणते. ते बाराव्या वर्षापासून शिकार करतात. इथे १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, आबा त्याच्या आधीचे म्हणून त्यांना सूट आहे, पण मी कोर्सला बसले तेव्हा तेही माझं पुस्तक घेऊन पूर्ण वाचून गेले आणि नंतर मलाच प्रश्न विचारत बसले.

आईला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "अगं, हरणाला मारणार तू?" मी फलटणची, घरी जत्रेला बोकड पडतं हे लहानपणापासून बघितलेलं, मटण मी आवडीने खाते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ते बरोबरच झालं, आपल्याकडे जंगल किती उरलंय आणि माणसं किती. इथलं गणित वेगळंय, कळप मोजतात, मग टॅग ठरवतात. २०२२-२३ चा हिवाळा इथे वायव्य भागात फार वाईट गेला, बर्फ इतका की हरणांना खायलाच मिळेना, खूप मेली, तर लगेच टॅग कमी केले. लोकांनी कुरकुर केली पण मला तो निर्णय पटला. आईला एवढं सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "बरं, पण वाया घालवू नकोस काही." तेवढं मी तिला नक्की कबूल केलंय.

जुलैभर रात्री जेवणं झाली की नकाशा. फोनवर ऑनएक्स नावाचं नकाशाचं अ‍ॅप, आणि टेबलावर कागदी नकाशा, कारण तिकडे नेटवर्क नसतं. कागदी नकाशावर रंग बघायचे. पिवळी जमीन बीएलएमची, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, हिरवी फॉरेस्ट सर्व्हिसची, निळी राज्याची, पांढरी खासगी. पिवळी आणि हिरवी सगळ्यांची. मी इथे नऊ वर्षांपूर्वी दोन बॅगा घेऊन आले, रायफल ग्रीन कार्ड आल्यावरच घेतली, आणि तरी त्या पिवळ्या-हिरव्या लाखो एकरांवर माझा पाय ठेवायचा हक्क तिथल्या कुठल्याही माणसाइतकाच आहे, कुणाला विचारायचं नाही, कुणाला पैसे द्यायचे नाहीत. मला या गोष्टीचं अजूनही फार वाटतं.

गुरुवार, १५ ऑगस्ट

पहाटे साडेचारला निघालो, मी, नवरा आणि आबा. नवरा शिकार करत नाही, त्याला करायची पण नाहीये, पण त्याची नजर जबरदस्त आहे आणि चार दिवस डोंगरात राहायला तो कधीच नाही म्हणत नाही. आय-७० ने आयझेनहॉवर टनेल, व्हेल पास, मग ग्लेनवूड कॅन्यन, रायफल नावाच्याच गावात पेट्रोल आणि बर्फ घेतला, तिथून १३ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला. मीकर गाव ६,२०० फुटांच्या वर आहे, म्हणजे गावातला बाजारसुद्धा कळसूबाईच्या वर. व्हाइट रिव्हर नदी गावाजवळून जाते, पूर्वेला फ्लॅट टॉप्सचे सपाट माथ्याचे डोंगर, पश्चिमेला खाली सेजब्रशच्या झुडपांचा कोरडा राखाडी प्रदेश. हा सगळा मुलूख मुळात यूट लोकांचा, १८७९ च्या लढाईनंतर त्यांना इथून हाकलून दिलं आणि गावाला नाव मात्र मीकर या त्यांच्यावरच्या सरकारी एजंटचं पडलं. तिथे सार्वजनिक जमीन हा शब्द वापरताना हे मला आठवत राहतं.

दुपारी फॉरेस्टच्या हद्दीत साधारण ९,००० फुटांवर अ‍ॅस्पेनच्या झाडांत तंबू टाकला. अशा जमिनीवर एका जागी चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. जेवण गॅसवरच, पिठलं आणि घरून आणलेल्या भाकऱ्या, आबांनी ठेचा चाखला आणि पाण्याची बाटली जवळ ओढली पण पुन्हा घेतला. खाण्याचं सगळं रात्री गाडीत, ऑगस्टमध्ये अस्वलं हिवाळ्यासाठी खायच्या मागे असतात.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

चारला उठून हेडलॅम्प लावून वर चढलो, आबा कॅम्पवरच थांबले, त्यांचा गुडघा दुखतो. उजाडायच्या आत १०,५०० फुटांवरच्या एका कड्यावर जाऊन बसलो. खाली मोठी वाटीसारखी दरी, हिरवंगार गवत, मधे विलोची झुडपं, एका कडेला अजून बर्फाचा एक मळका तुकडा. दुर्बीण ट्रायपॉडवर लावायची आणि डोंगराचा एकेक पट्टा डावीकडून उजवीकडे बघत जायचं, याला ग्लासिंग म्हणतात. दुर्बीण हातात धरून बघितलं तर काही दिसत नाही, ट्रायपॉडवर लावली की तोच डोंगर जिवंत होतो, कान हलतो, शेपटी हलते.

नवऱ्याने आधी बघितले. "सात आहेत," तो म्हणाला, अगदी हळू. सात नर, एकत्र. उन्हाळ्यात नर असे टोळीने राहतात. ऑगस्टमध्ये त्यांचा रंग तांबूस असतो, सकाळचं ऊन पडलं की हिरव्यावर पेटल्यासारखे दिसतात, आणि शिंगं अजून मखमलीत, जाड, गोलसर. ही शिंगं आपल्या चितळ-सांबरासारखीच दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात. म्यूल डिअरची खूण म्हणजे प्रत्येक शिंग फुटतं त्याची पुन्हा दोन होतात, आणि कान खेचरासारखे मोठे, म्हणून तर नाव म्यूल. त्यातला एक फार मोठा होता, शिंगं कानांच्या खूप बाहेर गेलेली. आम्ही दोन तास त्यांच्याकडे बघत होतो. नऊच्या सुमारास ते एकेक करून सावलीत जाऊन बसले आणि बसल्यावर तर माहीत असूनही दिसेनात.

मी वहीत सगळं लिहिलं, वाऱ्याची दिशा, पाणी, कुठून आले कुठे गेले. वारा सकाळी थंड असताना उतारावरून खाली वाहतो, ऊन तापलं की वर चढायला लागतो, संध्याकाळी पुन्हा खाली. हरणाच्या नाकापुढे आपलं काही चालत नाही म्हणून हे लिहून ठेवायचंच. अकराला पश्चिमेकडून ढग आले, इथे उन्हाळ्यात रोज दुपारी विजा होतात आणि उघड्या माथ्यावर थांबणं म्हणजे जिवाशी खेळ, आम्ही धावतपळत खाली आलो, अर्ध्या वाटेत गारा.

कॅम्पवर येऊन मी आबांना स्पॉटिंग स्कोपमधून काढलेले फोटो दाखवले, मला वाटलं शोधमोहीम पहिल्याच दिवशी संपली, ९ नोव्हेंबरला पहाटे त्याच कड्यावर बसायचं. आबांनी फोटो नीट बघितले, मोठा नर बघून हसले पण, आणि मग म्हणाले, "सुंदर आहे. पण नोव्हेंबरमध्ये हा इथे नसेल. तिथे कमरेएवढा बर्फ असेल आणि तुम्ही वर पोचूही शकणार नाही."

मला हे वाचून माहीत होतं, राज्याच्या वन्यजीव खात्याच्या नकाशांवर उन्हाळ्याचा भाग वेगळा, हिवाळ्याचा वेगळा, मधल्या वाटा वेगळ्या दाखवलेल्या असतात आणि मी ते नकाशे जुलैभर बघितले होते. तरी सात नर डोळ्यांसमोर दिसल्यावर मी ते सगळं विसरले. त्या रात्री चांदणं खूप होतं, नारळी पौर्णिमा तीन दिवसांवर, आणि मला झोप लागली नाही.

शनिवार, १७ ऑगस्ट

हा दिवस महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळी गाडीने खाली निघालो तर वळणावर मेंढरं. हजारभर तरी असतील, पूर्ण रस्ता पांढरा. मीकर हा मेंढरांचा भाग आहे, सप्टेंबरमध्ये तिथे मेंढरं हाकणाऱ्या कुत्र्यांच्या मोठ्या स्पर्धा होतात. कळपाबरोबर दोन मोठी पांढरी राखणीची कुत्री, अशा वेळी गाडी बंद करून शांत बसायचं, त्यांचं काम त्यांना करू द्यायचं. मागून घोड्यावर मेंढपाळ आला, पेरू देशातला निघाला, या भागात पेरूहून बरेच मेंढपाळ येतात. नवऱ्याच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये थोडं बोलणं झालं. मी विचारायला लावलं की मेंढरं वर कधीपर्यंत ठेवता. तो म्हणाला बर्फाच्या आधी खाली नेतो. मग हरणं? त्याने हात पुढे करून उताराकडे दाखवला, आधी अ‍ॅस्पेन, मग खालची झुडपं, मग अगदी खाली, आणि बोटांनी चालायची खूण केली.

आणि मला एकदम आमच्याकडचे धनगर आठवले. फलटण, माण भागातले धनगर पावसाळ्यात घरच्या माळावर असतात आणि दिवाळीच्या सुमारास मेंढरं, घोडी, बिऱ्हाड घेऊन घाट उतरून कोकणात जातात. लहानपणी आमच्या रस्त्यावरून ते जायचे, घोडीच्या पाठीवर कोंबड्या आणि वर बसलेलं पोर. ज्याला धनगराला भेटायचंय त्याने दिवाळीनंतर माळावर जाऊन काय उपयोग, घाटाच्या वाटेवर जायला पाहिजे. म्यूल डिअरचंही तेच आहे, फक्त त्यांचा घाट कुठे ते मला शोधायचं होतं.

मग आम्ही ७,००० ते ८,००० फुटांचा पट्टा धरला. इथे झाडी बदलते, ओकची खुजी झुडपं, सर्व्हिसबेरी, खाली पिन्यन आणि जुनिपर, मधे सेजब्रश. आणि इथेच जमिनीचा प्रश्न सुरू होतो, कारण नदीकाठची सपाट चांगली जमीन शंभर वर्षांपूर्वीच शेतकऱ्यांनी घेतली, त्यामुळे वर हिरवं, खाली पांढरं, आणि पिवळे तुकडे मधेमधे अडकलेले. मी घरून तीन जागा खुणा करून आणल्या होत्या.

पहिल्या जागेला जाणारा कच्चा रस्ता मधेच एका रँचमधून जात होता, फाटकाला कुलूप. पलीकडे पाव मैलावर पिवळी जमीन डोळ्यांना दिसतेय पण जायला वाट नाही. इथे खासगी जमिनीवर पाटी नसली, कुंपण नसलं तरी परवानगीशिवाय शिकारीला पाय टाकता येत नाही, ते बघणं शिकाऱ्याचं काम. परत फिरलो.

दुसरी जागा निळी होती, राज्याची. मी धरून चालले होते की राज्याची म्हणजे सगळ्यांची. तसं नाहीये. कोलोरॅडोत राज्याची ट्रस्टची जमीन शाळांच्या उत्पन्नासाठी असते, वन्यजीव खात्याने जी शिकारीसाठी भाड्याने घेतलीय तेवढीच खुली, बाकीची बंद. ही त्या यादीत नव्हती. इथे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा, नकाशावर निळा चौकोन दिसला की आधी यादी बघा.

तिसऱ्या जागेला मात्र काउंटीचा रस्ता थेट बीएलएमला चिकटून जातो, गाडी लावायला रुंद जागा, एक साधं फाटक, उघडा, आत जा, पुन्हा बंद करा. दुपारचं ऊन होतं, हरीण एकही दिसलं नाही, आणि तरी चारशे पावलं चालल्यावर मला कळलं की हीच ती जागा. उताराला आडव्या पायवाटा, एक नाही, चार-पाच, एकाखाली एक, माणसांनी केलेल्या नाहीत. एवढ्या वाटा आणि ताजी लेंडी जवळजवळ नाही, म्हणजे वापर आत्ताचा नाही, दुसऱ्या ऋतूतला. कुंपणाच्या खालच्या तारेला राखाडी केस अडकलेले, हिवाळ्याच्या अंगाचे, कारण आत्ता ती तांबडी असतात. कोवळ्या जुनिपरच्या खोडावर साल सोललेली, गेल्या शरदात नरांनी शिंगं घासलेली, जखमेवरचा चीक वाळून पिवळा झालेला. नवऱ्याला एक गळलेलं शिंग सापडलं, उन्हाने पांढरं पडलेलं, चार टोकं. इथे जानेवारी ते एप्रिल सार्वजनिक जमिनीवरून शिंगं उचलायला बंदी असते, कारण तेव्हा हरणं अशक्त असतात आणि माणसांच्या मागे लागण्याने पळून मरतात. ऑगस्टमध्ये चालतं. त्याने ते हातात घेऊन बघितलं आणि आबांना दाखवायला बॅगेत ठेवलं.

थोडं खाली ओढ्यात हाडं दिसली. आधी एक सांगाडा, मग दुसरा, मग मी मोजणं थांबवलं. बरीचशी लहान, जबडे माझ्या तळहातात मावतील एवढे, पाडसं. हाडं जुनी होती, पांढरी, कोरडी, गवत त्यांच्यामधून उगवलेलं. कशाची असतील ते नक्की सांगता येत नाही पण मला २०२२-२३ चा तो हिवाळाच आठवला. वाऱ्यापासून आडोसा म्हणून इथे येऊन बसली असतील आणि उठली नसतील. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. टॅग कमी केले म्हणून ज्यांना राग आलाय त्यांना त्या ओढ्यात नेऊन उभं करावं असं मला वाटलं.

संध्याकाळी आबांना सगळं सांगितलं. वाटा किती, कुठल्या उतारावर, उतार कुठल्या दिशेला. ते ऐकत राहिले आणि मग कागदी नकाशावर पेन्सिलने दोन बारीक रेघा काढल्या, म्हणाले, "इथून येतात. माझ्या वडिलांनी मला हीच खिंड दाखवली होती." मी विचारलं आधी का नाही सांगितलं. ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तू फक्त ही एक जागा शिकली असतीस."

रविवार, १८ ऑगस्ट

पहाटे त्याच बीएलएमच्या टेकाडावर बसलो, आबाही आले, गाडीपासून फक्त अर्धा मैल आणि चढ सोपा. माद्या दिसल्या, पाच, तीन पाडसं बरोबर. एक पाडस कशाला तरी बिचकलं आणि चारही पाय एकदम उचलून चेंडूसारखं टणाटण उड्या मारत गेलं, म्यूल डिअरची ती खास चाल. नर एकही नाही आणि त्याचं मला आता काही वाटलं नाही. नोव्हेंबरच्या मध्यात त्यांचा माजाचा काळ सुरू होतो, तेव्हा नर माद्यांच्या मागे येतात, म्हणून ज्या भागात माद्या थांबतात तो भाग सोडायचा नाही.

तिथेच बसून प्लॅन लिहिला. बर्फ लवकर पडला तर हे टेकाड आणि खालचा जुनिपर. बर्फ नाही पडला, उबदार राहिलं, तर हरणं वरच थांबतील, मग ८,५०० फुटांवरचा अ‍ॅस्पेनचा काठ, आबांनी दाखवलेल्या खिंडीच्या वरच्या तोंडाशी. पहिल्या दिवशी रस्त्याजवळ गर्दी असणार, म्हणून दीड मैल आत, पण दोन मैलांपेक्षा जास्त नाही. कारण मांस. मोठ्या नराचं हाडं काढून साठ-सत्तर पौंड तरी भरतं, दोन माणसांच्या पाठीवर दोन फेऱ्या, तेही बर्फात आणि अंधारात. चारही पाय, पाठीचं मांस, आतलं टेंडरलॉइन हे सगळं उचलणं कायद्यानेच सक्तीचं आहे, आणि मी आईला शब्द दिलाय तो वेगळा. जिथून मांस आणता येणार नाही तिथे गोळी चालवायची नाही, हे आबांचं पहिलं वाक्य होतं चार वर्षांपूर्वी.

डोकं तपासणीला द्यायचं हेही लिहून ठेवलं. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा रोग १९६७ साली फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत पहिल्यांदा दिसला, ते आमच्या घरापासून तासाभरावर. आता तो राज्यात बऱ्याच ठिकाणी आहे. रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये, पॉझिटिव्ह आलं तर खायचं नाही.

चंद्राचंही बघितलं. ९ नोव्हेंबरला अष्टमीचा अर्धा चंद्र, १५ ला त्रिपुरी पौर्णिमा, म्हणजे सीझन जसा पुढे जाईल तशा रात्री उजेडाच्या होतील, आणि आबांचा अनुभव असा की उजेडाच्या रात्री हरणं रात्रीच चरून घेतात आणि सकाळी लवकर आडोशाला जातात. म्हणून पहिले तीन दिवस जीव ओतून करायचे.

परत येताना ग्लेनवूड कॅन्यनमध्ये ट्रॅफिक लागलं, पोचायला रात्रीचे दहा.

घरी आल्यावर

केशरी जाकीट आणि टोपी आणली, कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी दिसलंच पाहिजे असा नियम आहे, मी केशरी घेतलं. दर शनिवारी रेंजवर जाते, बसून, गुडघ्यावर, बॅगेवर टेकवून, २०० यार्डापर्यंत, त्यापुढे मी नोव्हेंबरमध्ये बंदूक उचलणार नाही हे ठरलंय. रोज संध्याकाळी पाठीवर तीस पौंड तांदूळ घेऊन टेकडी चढते.

यंदा भाऊबीज ३ नोव्हेंबरला आहे, आम्ही ७ ला निघणार. आबांना फराळ माहितीये, गेल्या वर्षी दिला होता. काल ते कुंपणाशी आले, खिंडीच्या वरच्या तोंडाचा एक जुना फोटो दिला, त्यात त्यांचे वडील आणि एक घोडा, मागे बर्फ, आणि म्हणाले मीकरला जाताना ते गोल गोल काटेरी तळलेलं आण. चकली. दोन डबे करणार आहे, एक कॅम्पसाठी आणि एक त्यांच्या घरी.